शेरी कास्कची व्हिस्की प्यायला शिकताना

शेरीच्या पिंपात मुरलेली पहिली व्हिस्की मी प्यायलो ती अगदी चुकीच्या टोकाकडून. 'शेरी बॉम्ब', म्हणजे शेरीची चव ठासून भरलेली व्हिस्की, हा शब्द कुठून तरी कानावर पडला होता, म्हणून सरळ साठ टक्क्यांची कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पाणी न मिसळता पिंपातल्याच ताकदीने भरलेली बाटली उघडली, ग्लासात दोन बोटं ओतली आणि पाण्याचा घ्यावा तसा घोट घेतला. जीभ बधिर, डोळ्यांत पाणी, आणि चव विचाराल तर जळक्या लाकडाची. बाटली कपाटात मागे गेली. दीड वर्षाने एका जाणत्या मित्राने ती बाहेर काढली, थोडीशी ओतली, चमच्याने मोजून पाणी घातलं आणि म्हणाला, "आता दहा मिनिटं हात लावू नकोस." दहा मिनिटांनी त्याच ग्लासातून मनुका, संत्र्याची साल आणि जुन्या शिसवी कपाटाचा वास यायला लागला. व्हिस्की तीच होती, फक्त पिणाऱ्याला आता वाट दाखवणारा कुणी होता.

ती दीड वर्षं तुमची वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. सिंगल माल्ट दोन-चार वेळा चाखली आहे, पण लेबलवरच्या 'शेरी कास्क' या शब्दांचं काय करायचं ते कळत नाही, अशांसाठी.

पायरी १: आधी शेरीच चाखा

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि मग वर्षानुवर्षं 'शेरी म्हणजे गोड' या गैरसमजात राहतात.

शेरी ही स्पेनच्या दक्षिणेकडची, अंदालुसिया प्रांतातली फोर्टिफाइड वाइन. म्हणजे वाइनमध्ये वरून द्राक्षांचं मद्यार्क घालून तिची ताकद वाढवलेली असते. हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया ही तीन गावं म्हणजे शेरीचा त्रिकोण. हेरेसचं अरबी नाव शेरीश, त्यावरून इंग्रजांनी शेरी केलं. शेरीचे प्रकार बरेच आहेत, पण व्हिस्कीवाल्याला दोन नीट माहीत असले की पुरतं.

पहिली ओलोरोसो. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ सुवासिक. पालोमिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची ही वाइन १७ टक्क्यांच्या वर नेलेली असते. तेवढ्या ताकदीत वर यीस्टचा थर धरत नाही, त्यामुळे पिंपात तिचा हवेशी सतत संबंध येत राहतो आणि रंग गडद तपकिरी होत जातो. वास अक्रोड, कॅरॅमल, संत्र्याची साल असा भरगच्च. वास घेतला की गोडच असणार अशी खात्री वाटते. जिभेवर मात्र ती जवळजवळ पूर्ण कोरडी असते.

दुसरी पेद्रो हिमेनेझ, सगळे तिला पीएक्स म्हणतात. याच नावाची द्राक्षं उन्हात वाळवून, जवळपास मनुका करून मग पिळतात. लिटरमागे ३०० ग्रॅमहून जास्त साखर असणं तिच्यात नेहमीचं आहे. ग्लास तिरका केला तर ती काकवीसारखी ओघळते.

या दोन्हींची लहान बाटली किंवा एकेक ग्लास मिळाला तर शेजारी शेजारी ठेवून चाखा. ओलोरोसो हुंगा, मग घोट घ्या, आणि नाक आणि जीभ यांच्यातली तफावत लक्षात ठेवा. शेरी कास्कच्या उत्तम व्हिस्कीतही हीच गंमत असते. वास सुक्या मेव्याचा नि गोड, शेवट मात्र कोरडा, थोडा तुरट. 'गोड व्हिस्की' अशी अपेक्षा ठेवून आलेला माणूस इथेच नाराज होतो.

पायरी २: पिंपाची भानगड समजून घ्या

इथे जरा थांबणार आहे, कारण सगळा खेळ इथे आहे.

एकेकाळी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जायची. तिथे बाटल्या भरल्या की रिकामी पिंपं परत स्पेनला धाडणं परवडायचं नाही. स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्यांनी ती स्वस्तात उचलली आणि त्यांत व्हिस्की भरून ठेवली. चवीचा विचार नंतरचा, आधी ती सोय होती. पुढे ब्रिटनमध्ये शेरीचा खप घटला, आणि १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायची असं ठरल्यावर ही पिंपं येणंच थांबलं.

मग आज एवढी शेरी कास्कची व्हिस्की येते कुठून? पिंपं मुद्दाम तयार करून घेतली जातात. डिस्टिलरी लाकूड निवडते, पिंप बांधून घेते, त्यात शेरी भरून वर्ष-दोन वर्षं ठेवते, मग ती ओतून काढून पिंप स्कॉटलंडला मागवते. याला सीझनिंग म्हणतात. हेरेसचं शेरी नियामक मंडळ आता अशा पिंपांना प्रमाणपत्र देतं, आणि त्यासाठी किमान एक वर्ष शेरी पिंपात राहावी लागते. सीझनिंगची शेरी सहसा पिण्यासाठी विकली जात नाही. ती पुन्हा सीझनिंगला वापरतात, नाहीतर तिचं व्हिनेगर होतं किंवा ती ब्रँडीच्या भट्टीत जाते.

लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते शंभर वर्षं शेरी मुरलेल्या काळ्याकुट्ट सोलेरा पिंपाचं, म्हणजे जुनी शेरी पूर्ण न काढता वरून नवी भरत राहतात त्या पिंपाचं. ती पिंपं बोदेगाच्या, म्हणजे शेरीच्या कोठाराच्या, बाहेर सहसा पडत नाहीत, आणि पडली तरी व्हिस्कीला फार उपयोगाची नाहीत. इतकी वर्षं वाइन राहून त्यांच्यातला कस निघून गेलेला असतो. बोदेगावाल्यांना तेच हवं असतं, त्यांना लाकडाची चव शेरीत नकोच असते. व्हिस्कीवाल्याला नेमकं उलट हवं असतं.

म्हणून माझं मत असं की शेरी कास्क व्हिस्कीत शेरीपेक्षा लाकूड जास्त बोलतं. हे लाकूड दोन प्रकारचं. युरोपीय ओक, बहुधा उत्तर स्पेनमधला, टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, भरलेला: त्यातून सुकं अंजीर, लवंग, दालचिनी, चामडं आणि तो तुरटपणा येतो. अमेरिकन ओक जास्त सौम्य: व्हॅनिला, नारळ, मध, संत्रं. आणि गंमत बघा, हेरेसच्या बोदेगांत शेरी स्वतः पिढ्यानपिढ्या अमेरिकन ओकमध्येच मुरत आलीय. ज्या गडद, मसालेदार चवीला आपण 'शेरी' म्हणून डोक्यावर घेतो तिचा मोठा वाटा युरोपीय ओकचा आहे. मॅकॅलन डिस्टिलरीच्या शेरी ओक आणि डबल कास्क या दोन मालिका शेजारी ठेवल्या तर हे झटकन कळतं. दोन्ही शेरी सीझन केलेल्या पिंपांतल्याच, पण डबल कास्कमध्ये अमेरिकन ओक पुढे असतो, म्हणून ती फिकट आणि मधाळ लागते.

आकारही बघा. शेरीचं नेहमीचं पिंप, बट, सुमारे ५०० लिटरचं. बर्बनचं, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचं, बॅरल सुमारे २०० लिटरचं. बट मोठं, म्हणजे तेवढ्याच व्हिस्कीला लाकडाचा पृष्ठभाग कमी मिळतो आणि मुरायला वेळ जास्त लागतो.

शेवटची गोष्ट, कितव्यांदा भरलेलं पिंप. शेरी काढल्यावर पहिल्यांदाच व्हिस्की भरली तर फर्स्ट फिल, त्यानंतर रिफिल. चहाची तीच पूड दुसऱ्यांदा उकळावी तसा फरक पडतो. फक्त दरवेळी तो फरक वाईटच असतो असं नाही. फर्स्ट फिलमध्ये वीस-पंचवीस वर्षं ठेवलेली व्हिस्की कधी कधी नुसती ओक चघळल्यासारखी लागते. तेवढ्या लांबच्या मुक्कामाला रिफिल पिंप बरं.

पायरी ३: लेबल वाचा, रंग बघू नका

दुकानात उभे असताना डोळा आपसूक सर्वांत गडद बाटलीकडे जातो. तो आवरा. स्कॉच व्हिस्कीत पाण्याखेरीज एकच गोष्ट घालायला कायद्याने मुभा आहे, ती म्हणजे साधा कॅरॅमल रंग, ई१५०ए. चवीसाठी नाही, दिसण्यासाठी. त्यामुळे गडद बाटली शेरीची असेलच असं नाही, आणि रिफिल शेरी पिंपातली अस्सल व्हिस्की गवताच्या काडीइतकी फिकट असू शकते. 'नॅचरल कलर' असं छापलेलं असेल तर रंगावर थोडा विश्वास ठेवा. जर्मनीत विकायच्या बाटलीवर रंग घातल्याची नोंद करणं बंधनकारक आहे. तिथलं लेबल इंटरनेटवर शोधून पाहणं ही जुन्या खोडांची आवडती युक्ती.

आता शब्द. 'मॅच्युअर्ड इन शेरी कास्क' म्हणजे व्हिस्कीचा मुक्काम शेरीच्या पिंपातच होता. 'फिनिश' म्हणजे आधी बरीच वर्षं बहुधा बर्बनच्या पिंपात आणि शेवटचे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं शेरीत. फिनिशला नाक मुरडणारे लोक भेटतील. त्यांचं फार मनावर घेऊ नका, चांगलं फिनिश फार सुंदर असतं. मात्र चव वेगळी लागते. फिनिशमध्ये शेरी वरच्या थरावर जाणवते, पूर्ण मुरलेल्या व्हिस्कीत ती हाडात गेलेली असते.

'सोलेरा' हा शब्द दिसला की दोनदा वाचा. ग्लेनफिडिकच्या १५ वर्षांच्या व्हिस्कीवर तो ठळक छापलेला असतो. त्याचा संबंध तिथल्या एका मोठ्या लाकडी टाकीशी आहे. ती टाकी अर्ध्याखाली कधी रिकामी करत नाहीत, वरून नवी व्हिस्की भरत राहतात, शेरीच्या सोलेरा पद्धतीसारखं. टाकीत जाणाऱ्या व्हिस्कीचा काही भाग शेरी पिंपांतला, बाकी बर्बन आणि नव्या ओकमधला. व्हिस्की छान आहे, पण शेरी बॉम्ब समजून घेतलीत तर फसाल.

टक्केवारी: किमान ४० असावी लागते. ४६ किंवा वर असेल तर ती चिल फिल्टर न केलेली असण्याची शक्यता जास्त. गार करून गाळली की थंडीत किंवा पाणी घातल्यावर ती गढूळ होत नाही, पण काही तेलकट, चव धरून ठेवणारे घटकही गाळणीत राहतात. शेरीच्या व्हिस्कीत तो जाडसरपणा फार महत्त्वाचा, म्हणून मी शक्यतो ४६ च्या खाली जात नाही. अपवाद पुढे येतीलच.

वयाचा आकडा म्हणजे बाटलीतल्या सर्वांत तरुण थेंबाचं वय. याची माझी आवडती गोष्ट ग्लेनड्रॉनाकची. ही डिस्टिलरी १९९६ ते २००२ बंद होती. आता हिशेब करा. २०१३ मध्ये भरलेल्या १२ वर्षांच्या बाटलीत २००१ किंवा त्याआधीची व्हिस्की हवी. त्या सहा वर्षांत भट्टीच पेटली नव्हती, म्हणजे आतली व्हिस्की १९९६ च्या आधीची, निदान १७ वर्षांची निघते. लेबलवर १२ च. हे गणित ज्यांनी वेळेत केलं त्यांनी पेट्या भरून ठेवल्या. मी केलं तेव्हा उशीर झाला होता.

पायरी ४: ग्लास, पाणी, वेळ

ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास यासाठीच बनवलेला आहे, पण वाइनचा लहान ग्लासही चालेल. रुंद तोंडाच्या जाड टंबलरमध्ये वास उडून जातो. बर्फ नको. थंडीने सुक्या मेव्याचे वास मिटतात आणि उरतो तो तुरटपणा.

२०-२५ मिली ओता. त्याहून जास्त लागत नाही, शिकताना तर नाहीच. ग्लास तिरका करून फिरवा, काचेवरून ओघळणारे थेंब बघा, आणि बाजूला ठेवा. शेरीच्या व्हिस्कीला हवा लागते. पहिल्या मिनिटाला बंद, थोडी उग्र वाटणारी व्हिस्की पंधराव्या मिनिटाला पार बदललेली असते.

हुंगताना नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि सावकाश वर आणा. तोंड उघडं ठेवल्याने मद्यार्काचा झटका निम्मा होतो. ही एवढीशी युक्ती मला फार उशिरा कळली. लगेच नावं सुचली नाहीत तरी चालेल. स्वतःला इतकंच विचारा: हे ताजं फळ आहे की सुकं? सुकं असेल तर मनुकेसारखं गोड की अंजिरासारखं मातकट? लाकूड आहे का? असेल तर नुकतं तासलेलं की जुनं, पॉलिश केलेलं? चार प्रश्नांत बरंच उलगडतं.

पहिला घोट अगदी लहान, फक्त जीभ ओली होईल इतका. तो चवीसाठी नसतोच, तो तोंडाला सूचना द्यायला. दुसरा घोट तोंडात दहा-बारा सेकंद फिरवा आणि गिळल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडा. कोको, कॉफी, लवंग बऱ्याचदा तेव्हा येतात.

पाण्याचं गणित अंदाजाने करू नका, निदान सुरुवातीला. ६० टक्क्यांची ३० मिली व्हिस्की ४६ टक्क्यांवर आणायला साधारण ९ मिली पाणी लागतं, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांना किंचित कमी. एकदम ओतू नका. अर्धा चमचा घाला, दोन मिनिटं थांबा, हुंगा, मग पुढचा. पाणी पडतं तेव्हा ग्लास उजेडात धरा. गडद द्रवात पारदर्शक, तेलकट दोऱ्या वळताना दिसतात, साखरेचा पाक पाण्यात मिसळताना दिसतात तशा. चिल फिल्टर न केलेली व्हिस्की थोडी धुरकटही होते. घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीला मात्र पाण्याचा हात लावू नका, ती आधीच सडपातळ असते.

पायरी ५: बाटल्या, या क्रमाने

क्रमाचा आग्रह धरतोय, कारण माझा चुकला होता.

सुरुवात एका जोडीने करा: ग्लेनमॉरंजीची ओरिजिनल आणि लसांटा. दोन्हींची मूळ दारू एकच. ओरिजिनल बर्बन पिंपांतली. लसांटा तशीच बर्बन पिंपांत मुरते आणि शेवटी ओलोरोसो आणि पीएक्सच्या पिंपांत जाते. दोन ग्लास शेजारी ठेवून आलटून पालटून हुंगा. ओरिजिनलमध्ये संत्रं, व्हॅनिला, पीच. लसांटामध्ये तेच संत्रं, पण आता साखरेत घोळलेलं, सोबत मनुका. या दोन ग्लासांमधला फरक म्हणजे शेरीचं पिंप. हे एकदा नाकाने शिकलात की पुढचं वाचन निम्मं झालं. दोन बाटल्या नको असतील तर एकटी बाल्व्हेनी डबलवुड १२ घ्या. बर्बननंतर शेरीत सुमारे नऊ महिने, गोडसर, गुळगुळीत, कुणालाही न दुखवणारी. मला ती आता थोडी अळणी लागते, पण पहिली बाटली म्हणून तिला तोड नाही.

मग आयर्लंडची रेडब्रेस्ट १२. ही सिंगल पॉट स्टिल, म्हणजे माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) आणि न केलेल्या बार्लीची, तीनदा डिस्टिल केलेली, बर्बन आणि ओलोरोसो पिंपांतली. ४० टक्के असूनही भरलेली लागते, वर म्हटलेल्या अपवादांपैकी पहिली. आणि तिच्याबरोबर बुनाहाव्हन १२. धुरकट व्हिस्कीसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, तरी धूर नसलेली, ४६.३ टक्के, रंग न घातलेली. समुद्राकाठचा किंचित खारटपणा आणि सुका मेवा एकत्र. खूप शेरी नाही, खूप कमीही नाही. पाहुण्यांसमोर ठेवायला मी हीच काढतो.

इथपर्यंत आवडत गेलं तर आता पूर्ण शेरी. ग्लेनड्रॉनाक १२ ही पीएक्स आणि ओलोरोसो दोन्हींची, ४३ टक्के. खजूर, चॉकलेट, मऊ मसाला. हा माझा दुसरा अपवाद. याच घराची १८ वर्षांची ॲलार्डाइस ओलोरोसोवाली, ४६ टक्के. एखाद्या खास दिवसासाठी राखून ठेवा. टॅमडू डिस्टिलरी आपली सिंगल माल्ट फक्त शेरी पिंपांत मुरवते. तिची १२ वर्षांची स्वच्छ, हलकी, भाजलेल्या बदामासारखी, बॉम्बपेक्षा वेगळी वाट दाखवणारी. ग्लेनॲलकी १५ मात्र अगदी दुसऱ्या टोकाला. काळी, दाट, पीएक्सचा गोडवा वर तरंगणारा. पहिला ग्लास भुरळ घालतो, तिसरा जड होतो. निदान मला.

आणि ग्लेनफार्क्लास. १८६५ पासून एकाच ग्रँट घराण्याच्या हातात असलेली, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली डिस्टिलरी. अजूनही भट्ट्यांना खालून थेट आच देतात. बहुतेक ठिकाणी आता आत वाफेच्या नळ्या असतात. थेट आचेने दारूला एक जाड, किंचित खरपूस अंग येतं, आणि त्या अंगावर शेरीचं पिंप शोभून दिसतं. नाजूक दारू युरोपीय ओकखाली दबून जाते, ही दबत नाही. १५ वर्षांची, ४६ टक्के, ही माझी या सगळ्यातली सर्वांत लाडकी बाटली. अक्रोड, संत्र्याचा मार्मालेड, आणि शेवटी ओलोरोसोसारखाच कोरडेपणा. पहिल्या पायरीत चाखलेली शेरी आठवली नाही तर मला सांगा.

मॅकॅलनचं नाव न घेता हा विषय पुरा होत नाही. शेरी ओक १२ ही अभिजात म्हणतात तशी आहे, आलं आणि सुक्या फळांनी भरलेली. पण सुरुवात तिथूनच केली पाहिजे असं काही नाही. कुणी प्यायला दिली तर आनंदाने प्या.

कास्क स्ट्रेंथ सर्वांत शेवटी. ॲबरलावर अबूना: फर्स्ट फिल ओलोरोसो पिंपं, वय न छापलेली, दर बॅचचा आकडा आणि टक्केवारी वेगळी, साधारण साठीच्या आसपास. गेलिक भाषेत नावाचा अर्थ मूळ, उगम. बॅचगणिक ती बरीच बदलते, तेव्हा एखादी न आवडल्यास पुढची चाखून बघा. ग्लेनफार्क्लास १०५ ही बरोबर ६० टक्के. नावातला १०५ हा जुन्या ब्रिटिश प्रूफ मोजणीचा आकडा. या दोघींना पाण्याचा चमचा हवाच.

स्कॉटलंडबाहेर तैवानची कावालान, तिची सोलिस्ट मालिकेतली ओलोरोसो. तिथल्या उकाड्यात लाकूड झपाट्याने काम करतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं, तैवानमध्ये त्याच्या कित्येक पट. म्हणून वय कमी, रंग मात्र कॉफीचा. एकेका पिंपाची बाटली असल्याने दोन बाटल्या सारख्या निघत नाहीत. भारताची अमृत इंटरमीडिएट शेरी वेगळ्याच बेताची आहे: मधला मुक्काम तेवढा शेरीत, आधी आणि नंतर दुसऱ्या पिंपांत.

धुराची आवड असेल तर आर्डबेग ऊगाडाल, ५४.२ टक्के, बर्बन आणि शेरी पिंपांची. नाव तिथल्या तळ्याचं, जिथून डिस्टिलरीला पाणी येतं. पीट (जिच्या धुरावर बार्ली वाळवतात ती दलदलीतली माती) आणि मनुका एकत्र येतात तेव्हा काय होतं हे सांगून कळायचं नाही. पण ती शेवटी. तिच्यानंतर त्या संध्याकाळी दुसरं काही चाखण्यात अर्थ नाही.

पायरी ६: काडेपेटीचा वास आला तर

कधीतरी तुमच्या ग्लासातून विझलेल्या आगकाडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास येईल. हे गंधक. रिकामं पिंप वाटेत खराब होऊ नये म्हणून त्यात गंधकाच्या वाती जाळायची जुनी रीत होती, आणि त्याचा माग व्हिस्कीत राहतो. काही गंधक मूळ दारूतूनही येतं, ते जास्त मांसल, रश्शासारखं लागतं आणि अनेकांना आवडतं.

मी एकदा मोठ्या उत्साहाने घेतलेली, नाव न सांगण्यासारखी एक बाटली अशी निघाली. मला घोटभरही सोसेना. समोर बसलेल्या मित्राला मात्र वास येतच नव्हता, तो म्हणे "काय मस्त चॉकलेट आहे!" दोघंही खरं बोलत होतो. गंधक ओळखण्याची क्षमता माणसागणिक खूप वेगळी असते. त्यामुळे कुणाचं परीक्षण वाचून घेताना तो माणूस गंधकाबद्दल काय लिहितो ते आधी बघा, आणि त्याचं नाक तुमच्यासारखं आहे का ते ठरवा. बाटली टाकून देऊ नका. बुच उघडून थोडी कमी झाली की महिनाभर तशीच ठेवा. हलका गंधक बऱ्याचदा विरतो, जड असेल तर विरत नाही. माझी ती बाटली शेवटी मित्राकडे गेली.

पायरी ७: ठेवायची कशी, आणि वही

बाटली उभी, अंधारात. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर तीव्र मद्यार्क बुचाला खातो. तिसरा हिस्सा उरला की आत हवा वाढते आणि चव हळूहळू सपाट होत जाते. तोवर संपवा, किंवा लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

वही ठेवाच. लांबलचक वर्णनं नकोत. तारीख, बाटली, किती पाणी, आणि एक ओळ. माझ्या वहीत ग्लेनफार्क्लास १५ समोर तीन वर्षांच्या अंतराने दोन नोंदी आहेत. पहिली: "बरी आहे, फार कोरडी." दुसरी: "कोरडी आहे, म्हणूनच."

आणि रात्री ग्लास लगेच धुऊ नका. रिकामा, तसाच टेबलावर राहू द्या. मद्यार्क उडून जातो आणि सकाळी काचेच्या तळाशी फक्त पिंप उरलेलं असतं. उठल्यावर हुंगा. बर्बन पिंपातली असेल तर व्हॅनिला, युरोपीय ओक असेल तर लवंग आणि जुनं कपाट. लसांटा आणि ओरिजिनलचे ग्लास शेजारी ठेवले असतील तर कुठला कुणाचा हे चिठ्ठी न लावता ओळखून बघा.